पिस्तूल घेऊन रिझर्व्हेशनमधून जाताना: ट्रायबल पोलिसांचा हात कुठवर पोहोचतो?

प्रश्न असा आहे. ॲरिझोनातल्या चँडलरला राहणारं एक मराठी कुटुंब मॉन्युमेंट व्हॅलीला निघालंय. वाट नवाहो नेशनमधून, म्हणजे नवाहो या मूळनिवासी ट्राइबच्या (जमातीच्या) राखीव प्रदेशातून जाते; अशा प्रदेशाला रिझर्व्हेशन म्हणतात. सोबत नाशिकहून आलेले आई-बाबा, दोन मुलं आणि एक मित्र. प्रश्न विचारणाऱ्यांकडे ग्रीन कार्ड आहे, ॲरिझोनाचं कन्सील्ड कॅरी परमिट (शस्त्र लपवून जवळ बाळगायचा परवाना) आहे, आणि पिस्तूल कायम गाडीत असतं. शूटिंग रेंजवरच्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना छातीठोकपणे सांगितलंय, "नवाहो पोलीस तुझं काहीही करू शकत नाहीत, तू त्यांच्यातला नाहीस, सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे." सोबत येणारा मित्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि आलटून पालटून गाडी चालवणार आहे. यात कुठे काही अडचण आहे का?

आहे. एक नाही, चार-पाच आहेत, आणि सगळ्यात मोठी ट्रायबल पोलिसांची नाहीच. मी ॲरिझोनात गेली एकोणीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, त्यातली निम्मीअधिक प्रकरणं रिझर्व्हेशनच्या हद्दीत घडलेली. रेंजवरच्या त्या माणसाचं वाक्य मी इतक्या अशिलांच्या तोंडून ऐकलंय, की ते नेमकं कुठे खरं आहे आणि कुठे माणसाला खड्ड्यात घालतं, हे एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

आधी एका शब्दाबद्दल बोलू, कारण आपल्या लोकांसाठी घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकन कायद्यात 'इंडियन' हा शब्द कायद्यातला एक वर्ग म्हणून वापरतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: अंगात त्या मूळनिवासी वंशाचं रक्त, आणि संघराज्याने (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारने) मान्यता दिलेल्या ट्राइबशी सदस्य म्हणून नातं. हे १८४६ सालच्या रॉजर्स खटल्यापासून चालत आलंय. त्यात चेरोकींनी आपल्यात घेतलेल्या एका गोऱ्या माणसालाही कोर्टाने 'इंडियन' मानलं नव्हतं. म्हणजे नाशिकहून आलेला माणूस या कायद्यात 'नॉन-इंडियन' ठरतो. आता रात्री रस्त्याच्या कडेला ट्रायबल पोलीस खिडकीशी वाकून विचारतो, "आर यू इंडियन?" आणि आपला माणूस अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, "येस."

माझ्या एका अशिलाने हेच केलं. कुठल्या रिझर्व्हेशनमध्ये ते सांगत नाही. संध्याकाळची वेळ होती, तळं बघायला म्हणून तो हमरस्ता सोडून कच्च्या रस्त्याने आत गेला होता. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या कप्प्यात भरलेलं पिस्तूल होतं. पोलिसाने विचारलं, याने 'हो' म्हटलं. सावळा रंग, काळे केस, पाकीट मागच्या सीटवरच्या जॅकेटमध्ये. पोलिसाने त्याला ट्राइबच्या कायद्याखाली अटक करून ठाण्यावर नेलं, बोटांचे ठसे घेतले. नावनोंदणी करताना सदस्य क्रमांक विचारला तेव्हा कुठे दोघांच्याही लक्षात आलं. साडेतीन तासांनी त्याला सोडलं, पण पिस्तूल मिळायला चार महिने लागले. त्या पोलिसाची मला चूक वाटत नाही. त्याने विचारलं, याने सांगितलं. तेव्हा कुणी विचारलं तर पूर्ण वाक्य बोला: मी भारतातून आलोय, कुठल्याही ट्राइबचा सदस्य नाही. आई-बाबांनाही हे निघण्यापूर्वी समजावून सांगा. वडीलधाऱ्या माणसांना असा प्रश्न आला की ती अभिमानाने 'येस, इंडियन' म्हणतात.

आता त्या निकालाकडे येऊ. रेंजवरचा माणूस ज्याचा दाखला देतो तो 'ऑलिफंट विरुद्ध सुक्वामिश' हा १९७८ सालचा निकाल. वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट मॅडिसन रिझर्व्हेशनमध्ये १९७३ साली चीफ सिएटल डेज हा वार्षिक उत्सव चालू होता. हजारो माणसं जमलेली आणि बंदोबस्ताला मोजके ट्रायबल पोलीस. तिथे मार्क ऑलिफंट नावाच्या नॉन-इंडियन रहिवाशाने ट्रायबल पोलिसावर हात टाकला, असा आरोप झाला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, संसदेने परवानगी दिल्याशिवाय ट्राइबला नॉन-इंडियन माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. हा निकाल आजही कायम आहे. म्हणजे नवाहो नेशनचं कोर्ट तुमच्यावर शस्त्र बाळगल्याचा फौजदारी खटला चालवून तुम्हाला तुरुंगात पाठवू शकत नाही. इथपर्यंत तो माणूस बरोबर आहे.

पण खटला चालवणं वेगळं, रस्त्यात अडवणं वेगळं आणि आपल्या जमिनीवरून बाहेर काढणं वेगळं. पहिला अधिकार कोर्टाचा, दुसरा पोलिसांचा, तिसरा जमिनीच्या धन्याचा. ऑलिफंटने यातला फक्त पहिला काढून घेतला. उरलेले दोन जागेवर आहेत, आणि दुसरा तर २०२१ साली सुप्रीम कोर्टाने आणखी पक्का केला.

तो २०२१ चा निकाल, 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध कूली', तुमच्या प्रवासाशी ऑलिफंटपेक्षा जास्त जवळचा आहे. मोंटानातलं क्रो रिझर्व्हेशन, फेब्रुवारी २०१६, मध्यरात्रीनंतरची वेळ. हायवे २१२ च्या कडेला एक पिकअप ट्रक उभा होता. क्रो पोलीस दलातले अधिकारी जेम्स सेलर यांना वाटलं, कुणाला मदत हवी असेल, म्हणून ते थांबले. आत जोशुआ कूली, डोळे लाल, पाणावलेले. एक लहान मूल मागच्या सीटवरून त्याच्या मांडीवर आलेलं. आणि पुढच्या सीटवर दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली. सेलर यांनी त्याला खाली उतरवलं, झडती घेतली, मदत मागवली. गाडीत काचेचा पाइप आणि मेथॲम्फेटामाइन सापडलं. संघराज्याच्या सरकारने अंमली पदार्थ आणि शस्त्र अशा दोन्ही कलमांखाली आरोप ठेवले. कूलीच्या वकिलांचं म्हणणं तुमच्या रेंजवरच्या मित्राचंच होतं: हा माणूस नॉन-इंडियन, रस्ता सार्वजनिक, ट्रायबल पोलिसाला झडतीचा अधिकारच नाही, म्हणून पुरावा बाद. खालच्या कोर्टांनी ते मान्यही केलं. नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाचं म्हणणं पडलं की पोलिसाने आधी 'तू इंडियन आहेस का' हे विचारायला हवं होतं, आणि 'नाही' उत्तर आलं तर गुन्हा उघड दिसत असेल तेवढ्यापुरतंच थांबवता येईल.

सुप्रीम कोर्टाने एकमताने हे फिरवलं. न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलेल्या निकालाचा सार असा: रिझर्व्हेशनमधल्या सार्वजनिक रस्त्यावरसुद्धा राज्याचा किंवा संघराज्याचा कायदा मोडल्याचा वाजवी संशय असेल तर ट्रायबल पोलीस नॉन-इंडियन माणसाला काही वेळ थांबवून ठेवू शकतो, झडती घेऊ शकतो, आणि राज्याचे किंवा संघराज्याचे पोलीस येईपर्यंत रोखू शकतो. हा अधिकार ट्राइबच्या मूळ सार्वभौमत्वातून येतो, कारण आपल्या लोकांच्या जिवाला धोका असेल तर तो थोपवायचा हक्क तिला असलाच पाहिजे. मला हा निकाल मनापासून पटतो. नवाहो नेशन साधारण सत्तर हजार चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या मराठवाड्याहूनही मोठं. तिथे मध्यरात्री एकट्या फिरणाऱ्या पोलिसाला समोर रायफली दिसत असताना 'हा माझ्या अखत्यारीतला नाही' म्हणून मागे फिरायला सांगणं म्हणजे त्याच्या आणि गावाच्या जिवाशी खेळणं होतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी रेंजवर कुणी सांगत नाही. तुम्हाला अडवणाऱ्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला नवाहोचा असला तरी त्याच्याकडे दुसऱ्या सरकारांचे अधिकारही असू शकतात. ॲरिझोनाच्या कायद्यात, राज्याने ठरवलेली पात्रता आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्या ट्रायबल पोलिसाला राज्याच्या पोलीस अधिकाऱ्याचे सगळे अधिकार मिळतात. काहींना संघराज्याच्या ब्यूरो ऑफ इंडियन अफेअर्सकडून विशेष नेमणूक मिळते. मग तोच माणूस ॲरिझोनाच्या कायद्याखाली तुम्हाला रीतसर अटक करू शकतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून 'तुला अधिकार नाही' असा वाद घालणारा माणूस कुठला बिल्ला कुठल्या अधिकाराचा हे जाणत नसतो. हे वाद माझ्यासारख्यांनी नंतर कोर्टात घालायचे असतात.

आता तिसरा अधिकार, जमिनीच्या धन्याचा. इथे आपल्याकडची उपमा लावू नका. गडचिरोलीत पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजावर, जमिनीच्या व्यवहारांवर अधिकार दिले, तरी तिथलं पोलीस ठाणं आणि फौजदारी न्याय राज्याचाच. इथे तसं नाही. नवाहो नेशनचं स्वतःचं विधिमंडळ आहे, कोर्टं आहेत, पोलीस आहेत, आणि १८६८ चा अमेरिकेशी केलेला तह आहे. चार वर्षांच्या बंदिवासानंतर, हजारो माणसं शेकडो मैल चालवत नेल्यानंतर मिळालेला तो तह आहे. त्याच्या दुसऱ्या कलमातच म्हटलंय की परवानगी नसलेल्या परक्यांना या प्रदेशातून जाऊ दिलं जाणार नाही. नको असलेल्याला बाहेर ठेवण्याचा हा हक्क ट्राइबच्या सगळ्या अधिकारांच्या मुळाशी आहे. १९८२ च्या जिकारिला अपाची प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही तो मान्य केलाय.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ट्राइब तुम्हाला तुरुंगात टाकू शकत नाही, पण दिवाणी मार्गाने बरंच काही करू शकते. दंडाची दिवाणी नोटीस देऊ शकते, शस्त्र जप्त करून त्यावर दिवाणी सुनावणी लावू शकते, हद्दीबाहेर काढू शकते, पुन्हा यायला बंदी घालू शकते. अर्थात या अधिकारालाही कडा आहेत. १९८१ च्या मोंटाना निकालाने सांगितलं की रिझर्व्हेशनच्या आत असली तरी खासगी मालकीची झालेली जमीन असेल तर परक्यांवर ट्राइबचा दिवाणी अधिकार साधारणपणे चालत नाही. अपवाद दोनच: त्या माणसाने ट्राइबशी करार, व्यापार, भाडं असं काही नातं जोडलं असेल, किंवा त्याच्या वागण्याने ट्राइबच्या राजकीय अस्तित्वाला, अर्थकारणाला, आरोग्याला किंवा कल्याणाला थेट धोका असेल. १९९७ च्या स्ट्रेट निकालाने राज्याच्या ताब्यातला हायवेही या बाबतीत खासगी जमिनीसारखाच धरला. म्हणून हायवेवर चालत्या गाडीतल्या माणसावर ट्राइबचं दिवाणी हत्यार बोथट आहे. पण तुम्ही हायवे सोडून पार्कच्या फाटकातून आत गेलात, तिकीट काढलंत, कॅम्पसाइट घेतली किंवा कॅसिनोत शिरलात, की तुम्ही ट्राइबच्या स्वतःच्या जमिनीवर असता आणि तिच्या अटी मान्य करून आत आलेले असता. तिथे ते हत्यार धारदार होतं.

तुमचा रस्ताच बघा. फ्लॅगस्टाफहून हायवे ८९ ने उत्तरेला निघालात की कॅमेरॉनच्या अलीकडेच तुम्ही नवाहो नेशनमध्ये शिरता. कमान नाही, चौकी नाही, रस्त्याकडेला एक पाटी. उन्हाळा असेल तर फोनमधलं घड्याळ एक तास पुढे जातं, कारण ॲरिझोना वेळ बदलत नाही आणि नवाहो बदलतात. पुढे हायवे १६० ला लागून टूबा सिटीला पोहोचता. तिथल्या चौकात एका बाजूला टूबा सिटी नवाहोंची आणि रस्त्याच्या पलीकडे मोएनकोपी होपींचं. पेट्रोल भरायला गाडी वळवलीत की तुम्ही दुसऱ्याच राष्ट्राच्या जमिनीवर असता, त्यांचा कायदा वेगळा, त्यांचे पोलीस वेगळे. होपी वेळ बदलत नाहीत, म्हणून घड्याळही परत मागे येऊ शकतं. मग केयेंटा, तिथून हायवे १६३, आणि मॉन्युमेंट व्हॅलीकडे वळण्याआधीच तुम्ही रेषा ओलांडून यूटामध्ये शिरलेले असता; तिथलं व्हिजिटर सेंटर मात्र परत ॲरिझोनात. पाच-साडेपाच तासांत दोन राज्यं, दोन ट्राइब आणि डोक्यावर कायम संघराज्य. तुमच्या खिशातल्या ॲरिझोनाच्या परमिटची किंमत या प्रत्येक टप्प्यावर वेगळी आहे.

ट्राइबच्या कायद्यापुरतं बोलायचं तर त्या परमिटला किंमत नाही. राज्याचं परमिट राज्याच्या कायद्यातून सूट देतं. ट्राइब राज्याच्या हाताखाली नाही. न्यू मेक्सिकोने तर आपल्या कायद्यातच लिहून ठेवलंय की कन्सील्ड हँडगनचं लायसन्स ट्रायबल जमिनीवर वैध नाही, त्या ट्राइबच्या शासनाने मान्यता दिली असेल तरच. शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्कही इथे ढाल होत नाही. अमेरिकेची घटना ट्राइबना थेट बांधत नाही हे १८९६ च्या टॅल्टन निकालापासून ठरलेलं आहे. १९६८ च्या इंडियन सिव्हिल राइट्स ॲक्टने ट्राइबवर बरेच घटनात्मक हक्क पाळायची सक्ती केली: भाषणस्वातंत्र्य, बेकायदा झडतीपासून संरक्षण, न्याय्य प्रक्रिया. त्या यादीत शस्त्राचा हक्क घातलेला नाही. घराबाहेर शस्त्र बाळगायचा हक्क मान्य करणाऱ्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर 'आता कुठेही नेता येतं' असं समजून फिरणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आणखी एका कायद्यावर लोक भिस्त ठेवतात, तो १९८६ चा फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट. जिथून निघालात आणि जिथे चाललात तिथे शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल, शस्त्र रिकामं असेल, कुलूपबंद असेल, ते आणि काडतुसं हाताला येण्याजोगी नसतील, तर मधल्या प्रदेशातून सुरक्षित जाऊ द्यावं, असं तो म्हणतो. पण त्याचे शब्द बघा: 'राज्य किंवा राज्याचा उपविभाग' यांचा कायदा काही म्हणत असला तरी. ट्राइब ना राज्य, ना राज्याचा उपविभाग. त्यामुळे ही ढाल ट्राइबच्या कायद्यापुढे टिकेल असं धरून चालू नका. तरीही शस्त्र त्याच पद्धतीने ठेवा, कारण सगळ्या कायद्यांना एकाच वेळी पुरून उरणारी तीच एक पद्धत आहे.

नवाहो नेशनचा स्वतःचा नियम त्या मानाने समंजस आहे. भरलेलं शस्त्र घेऊन फिरणं त्यांच्या संहितेच्या सतराव्या विभागात गुन्हा आहे, पण स्वसंरक्षणासाठी खासगी गाडीत ठेवलेल्या शस्त्राला सूट आहे. म्हणजे पिस्तूल गाडीत आहे तोवर एक गोष्ट. तेच कमरेला लावून तुम्ही केयेंटाच्या दुकानात दूध घ्यायला उतरलात की सूट संपली. तुमच्यावर फौजदारी खटला नाही चालणार, जप्तीची नोटीस मात्र मिळू शकते. प्रत्येक ट्राइबचा नियम वेगळा, एकट्या ॲरिझोनातच बावीस ट्राइब आहेत. निघण्याआधी त्या-त्या पोलीस ठाण्याला फोन करा. मी स्वतः अशिलांसाठी असे फोन करतो, लोक नीट, सौजन्याने सांगतात. ट्रायबल पार्कच्या फाटकातून मात्र पिस्तूल आत नेऊच नका. तिथे ड्रोन चालत नाही, खडकांवर चढायला बंदी आहे, दारू तर, मोजके अपवाद सोडले तर, सबंध नवाहो नेशनमध्ये जवळ बाळगायलाच मनाई. डिकीत पिस्तूल आणि त्याशेजारी बिअरचा खोका ही जोडी घेऊन चौकशीला सामोरं जाऊ नका.

आता ज्या गोष्टीला मी खरोखर घाबरतो ती. ट्राइबचा हात आखूड आहे म्हणून बिनधास्त झालेला माणूस बहुतेक वेळा संघराज्याच्या कायद्यात अडकतो, आणि तो हात फार लांब आहे. पहिलं उदाहरण शाळेचं. शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या आत शस्त्र बाळगणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. रिझर्व्हेशनमधल्या गावांत शाळा बऱ्याचदा हमरस्त्यालगतच असते. यातून सुटायचे सरळ मार्ग दोन: शस्त्र रिकामं आणि कुलूपबंद असणं, किंवा ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचं लायसन्स असणं. ॲरिझोनात २०१० पासून परमिटशिवाय कन्सील्ड कॅरी चालतं, म्हणून अनेकजण परमिट काढतच नाहीत. त्यांना ही सवलत मिळत नाही. तुमच्याकडे ते आहे, चांगलं आहे, पण रेषा ओलांडून यूटात गेल्यावर ॲरिझोनाचं लायसन्स तिथल्या शाळेपुढे कामाला येत नाही.

दुसरं उदाहरण भांडणाचं. रस्त्यात कुणाशी बाचाबाची झाली, समोरचा माणूस नवाहो आहे, आणि तुम्ही नुसतं पिस्तूल काढून दाखवलंत. ट्राइब खटला चालवू शकत नाही, खरंय. पण इंडियन माणसाविरुद्ध नॉन-इंडियन माणसाने केलेला गुन्हा संघराज्याच्या कोर्टात जातो, आणि २०२२ च्या कास्त्रो-वेर्ता निकालानंतर राज्यही खटला भरू शकतं. हिंसक गुन्ह्यात बंदूक वापरली तर कमीत कमी पाच वर्षं, धाक घालायला दाखवली तर सात, चालवली तर दहा. ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेला जोडून, वर. न्यायाधीशाला त्याखाली जायची मुभा नाही. हीच बाचाबाची फिनिक्सच्या पार्किंग लॉटमध्ये झाली असती तर प्रकरण काउंटीच्या कोर्टात राहिलं असतं आणि तडजोडीला वाव असता. घटना तीच, फक्त जमीन वेगळी.

शिकारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एका ओळीत सांगून ठेवतो: परवानगीशिवाय शिकारीसाठी ट्रायबल जमिनीवर पाऊल टाकणं हा संघराज्याचा गुन्हा आहे, नव्वद दिवसांपर्यंत कैद होऊ शकते.

ऑलिफंटच्या भिंतीला संसदेने अलीकडे दोन खिडक्या पाडल्यात. २०१३ च्या कायद्याने घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत, काही अटी पाळणाऱ्या ट्राइबना नॉन-इंडियन आरोपींवरही खटला चालवायचा अधिकार मिळाला. २०२२ मध्ये तो लैंगिक हिंसा, पाठलाग, मुलांवरचे अत्याचार अशा गुन्ह्यांपर्यंत वाढवला, आणि अशा गुन्ह्यांच्या कामात असलेल्या ट्रायबल पोलिसांवर किंवा कोर्टाच्या माणसांवर केलेल्या हल्ल्यापर्यंतही. ऑलिफंटवरचा आरोप पोलिसावर हात टाकल्याचाच होता. चव्वेचाळीस वर्षांनी त्याच प्रकारच्या गुन्ह्याचा काही भाग ट्राइबच्या कोर्टात परत आला. ज्या बायकांना मारहाण करणारा नवरा 'मी नॉन-इंडियन आहे' म्हणून गावात उजळ माथ्याने फिरायचा, त्यांच्यासाठी हा बदल फार उशिरा आला. तुमच्या सहलीशी याचा संबंध नाही, पण 'ट्राइब परक्यांवर खटला चालवूच शकत नाही' हे वाक्य आता जसंच्या तसं खरं राहिलेलं नाही, हे माहीत असावं.

आता मित्राचं. त्यांना पिस्तुलाला हात लावू देऊ नका, काडतुसालाही नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. या व्हिसावरच्या माणसाने शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगणं संघराज्याच्या कायद्यात गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. अमेरिकेत रीतसर काढलेलं शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट मिळते, पण ते कागद तयार नसताना 'मिळेल सूट' असं म्हणत गाडीत बसू नये. 'जवळ बाळगणं' म्हणजे हातात धरणंच नव्हे. तुम्ही मागे झोपलेले, मित्र गाडी चालवतोय, पिस्तूल पुढच्या कप्प्यात, आणि त्याला ते तिथे आहे हे ठाऊक आहे. एवढ्यावरून सरकारी वकील ताबा सिद्ध करायचा प्रयत्न करतील. २०१९ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं रेहाइफ प्रकरण असंच होतं: विद्यार्थी व्हिसावर आलेला, शिक्षण सुटलेला तरुण फ्लोरिडातल्या शूटिंग रेंजवर गेला आणि तेवढ्यावरून खटला उभा राहिला. कोर्टाने म्हटलं, आपला दर्जा काय आहे हे त्याला माहीत होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. पण एच-वन-बी वरच्या इंजिनिअरला आपला व्हिसा कुठला हे माहीत नव्हतं, असं कुठली ज्युरी मानेल?

ग्रीन कार्डवर शस्त्र ठेवायला तुम्हाला बंदी नाही. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला दंड भरून विसरता येईल असा गुन्हा तुम्हाला विसरता येणार नाही. म्हणूनच 'छोटं प्रकरण आहे, कबूल करून टाका' असा सल्ला कुणी दिला तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. गाडीत गांजाच्या गोळ्या-चॉकलेटंही नकोत. ॲरिझोनाने त्याला मोकळीक दिली असली तरी संघराज्याने आणि ट्राइबने दिलेली नाही.

माझा सल्ला विचाराल तर या सहलीला पिस्तूल घरीच तिजोरीत ठेवा. आई-बाबा आणि मुलं सोबत असताना, एच-वन-बी वरचा मित्र चाक धरणार असताना, त्याने मिळणाऱ्या सुरक्षिततेपेक्षा ओढवणारा धोका मोठा आहे. तरीही न्यायचंच असेल तर असं ठेवा: पिस्तूल रिकामं, मॅगझिन काढलेलं, कडक आवरणाच्या पेटीत कुलूप लावून डिकीत. काडतुसं वेगळ्या पेटीत. किल्ली तुमच्याकडे, मित्राकडे नाही. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तेव्हा पेटी सगळ्यात मागे, सामानाखाली ठेवा. डॅशबोर्डचा कप्पा कुलूपबंद असला तरी १९८६ च्या कायद्यात तो चालत नाही. शूटिंग रेंजवरून आल्यावर सीटच्या फटीत अडकलेलं एखादं काडतूस राहून जातं, तेही शोधून काढा.

पोलिसाने थांबवलंच तर इंजिन बंद, आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. शस्त्र गाडीत आहे का असं विचारलं तर खोटं बोलू नका, कुठे आहे ते सांगा आणि हात जागचे हलवू नका. ॲरिझोनात असं विचारल्यावर खरं सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तुम्ही कोण आहात ते वर सांगितलं तसं पूर्ण वाक्यात सांगा. झडतीला संमती मागितली तर 'माझी संमती नाही, पण मी अडवणार नाही' असं शांतपणे म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि पिस्तूल जप्त झालंच तर तिथेच पावती मागा. पावतीवर सिरियल नंबर, अधिकाऱ्याचं नाव, बिल्ला क्रमांक आणि कुठल्या कायद्याखाली जप्ती झाली ते लिहिलेलं असायला हवं. अधिकारी ट्राइबच्या कायद्याखाली वागत होता की राज्याच्या, यावर पुढचं सगळं ठरतं. नंतर पत्र येईल, त्यात सुनावणीची तारीख किंवा हरकत घ्यायची मुदत असेल. लोक इथे हमखास चुकतात. 'ट्राइबला माझ्यावर अधिकारच नाही' असं म्हणत पत्र कचऱ्यात टाकतात, मुदत जाते, आणि एकतर्फी हुकूम होऊन शस्त्र कायमचं जातं. अधिकार नाही हा मुद्दासुद्धा आधी ट्राइबच्याच कोर्टात मांडावा लागतो. ते न करता थेट संघराज्याच्या कोर्टात गेलात तर बहुधा परत पाठवतात. तिथे उभं राहायला त्या ट्राइबच्या बारमध्ये नोंद असलेला वकील लागतो. नवाहो नेशनची स्वतःची बार असोसिएशन आहे आणि स्वतःची परीक्षाही, मीही ती दिली आहे. माझ्या त्या अशिलाने पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला होता, म्हणून चार महिन्यांनी का होईना, पिस्तूल परत मिळालं. पावतीवरचा सिरियल नंबर जुळवून न्यायाधीशांनी त्याच्या हातात पेटी दिली, आणि हद्दीबाहेर जाईपर्यंत ती उघडायची नाही, एवढी एकच अट घातली.